मदत हवी आहे: कुमिहिमो (जपानी गोफ) शिकतेय, डिस्कवरच राहू की मारुदाई करून घेऊ?

दोरेवाली:
कुमिहिमो इथे कोणी करतं का? तो जपानी गोफ, फोमच्या गोल चकतीच्या खाचांमध्ये धागे अडकवून करतात तो. मी ऑनलाइन 32 खाचांची डिस्क मागवली आणि सगळे जो आधी शिकवतात तो 8 धाग्यांचा (चार बाजूंना दोन-दोनची जोडी) कोंगो गुमी सुरू केलाय. चाल कळली, वरच्या जोडीतला उजवा धागा खाली उजवीकडे, खालच्या जोडीतला डावा वर डावीकडे, डिस्क पाव फिरवायची, परत तेच. मालिका बघत बघत होतं. पण गोफ एकसारखा येत नाहीये, कुठे कडक तर कुठे पोकळ, आणि मध्येच रंगाचा पट्टा चक्क उलट्या दिशेने वळायला लागतो.

मला खरं म्हणजे ठुशीच्या मागची दोरी करायचीय. आमच्या भागातला पटवेकरी दुकान बंद करून गेला आणि सराफ जी मशीनची दोरी लावून देतो ती नुसती चमकते, मानेला टोचते ते वेगळंच. तर धागा कुठला घेऊ, किती लांब कापू, आणि व्हिडिओत दिसतं ते लाकडी स्टँड, मारुदाई, ते घेतल्याने खरंच फरक पडतो का? बाहेरून मागवायचं तर किमती बघूनच टॅब बंद केली.

गाठमारे:
पट्टा उलटा वळतो म्हणजे तिथून तुमची चाल आरशातली झालीये, वरचा डावा खाली डावीकडे आणि खालचा उजवा वर उजवीकडे. बहुतेक मध्ये डिस्क खाली ठेवून उठलात की होतं हे. यावर साधा उपाय, उठायचंच असेल तर चाल अर्धी सोडून उठा, म्हणजे वरचा धागा खाली आणला की खाली 3 आणि वर 1 असे राहतात, परत आल्यावर बघितलं की लगेच कळतं, आता खालचा डावा वर जायचाय. दोन-दोनच्या जोड्या लावून उठलात तर मग बसा आठवत.

बाकी डिस्क घड्याळाच्या दिशेने फिरवायची की उलट यावर लोक उगाच भांडतात, या गोफात त्याने काही बिघडत नाही, एक दिशा धरायची ती एवढ्यासाठीच की तीच जोडी दोनदा हलवली जाऊ नये. कडक-पोकळचं कारण ओढ. चकतीच्या भोकात बघा, गोफ जिथे तयार होतो तो बिंदू बरोबर मध्ये आहे का, एका बाजूला सरकला असेल तर त्या बाजूचे धागे जास्त ओढले गेलेत. खालच्या गाठीला छोट्या पिशवीत थोडी नाणी घालून क्लिपने लटकवा आणि गोफ वाढला की क्लिप वर घेत जा. खाचा सैल झाल्या असतील तर मात्र डिस्क बदला, धागा धरून ठेवायचं काम त्या खाचाच करतात.

निशिकासाईकर:
टोकियोतून लिहितोय, मी स्वतः करत नाही, बायको करते, तेव्हा ऐकीव ज्ञान समजा :) उएनोला दोम्यो म्हणून 1652 पासूनचं दुकान आहे, तिथले किमोनोच्या पट्ट्यावर बांधायचे ओबिजिमे एकदा हातात घेऊन बघा, रेशीम इतकं घट्ट की गाठ मारली की हलत नाही. पूर्वी या दोऱ्या चिलखताच्या पट्ट्या बांधायला आणि तलवारीच्या म्यानाला लागायच्या, 1876 ला तलवार बाळगायला बंदी आली तसं ते गिऱ्हाईक गेलं आणि ओबिजिमेवरच धंदा तरला. इगा, निंजांचं म्हणून सगळे फोटो काढायला जातात ते, तिथलं आणि क्योतोचं कुमिहिमो 1976 पासून सरकारमान्य पारंपरिक हस्तकलेत आहे.

मारुदाईने फरक पडतो असं बायकोचं ठाम मत. खाचा नसतातच, धागे वजनदार रिळांवर (त्यांना तामा म्हणतात) लोंबत असतात, त्यामुळे ओढ वजनं देतात आणि तुमचे दोन्ही हात एकाच वेळी दोन धागे उचलून समोरासमोर टाकतात. हात बसला की टक टक असा ताल येतो, शेजारच्या खोलीत बसूनसुद्धा कळतं की चुकलं. पण ठुशीच्या दोरीसाठी डिस्क पुरे, असंही तीच म्हणतेय.

कोकणी_कट्टा:
मारुदाई मागवू नका हो. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी करतात ना, लेथवर काम करणारा कोणीही करून देईल, साधारण 25 सेंमीची गुळगुळीत चकती, मध्ये भोक आणि चार पाय, बस. कडा मात्र गोल घासून घ्या, धागा अडकता कामा नये. तामासाठी लाकडी रिळांत हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर भरा, सगळ्यांचं वजन तंतोतंत सारखं हवं, किचनच्या काट्यावर तोला. मध्ये खाली लटकवायचं वजन एकूण तामांच्या साधारण निम्मं, म्हणजे 70 ग्रॅमचे 8 असतील तर 560, त्याचं 280 च्या आसपास. ते वाढवलं की गोफ मऊ आणि लांब येतो, कमी केलं की गच्च.

दोरेवाली:
बापरे, एवढं सगळं! आज नाण्यांची पिशवी लटकवून बघितली, फरक लगेच दिसला. मग आता धागा सांगा ना कोणीतरी. भरतकामाचा कॉटन चालेल का रेशीमच हवं? येवल्याकडचं कोणी असेल तर, पैठणीचं उरलेलं रेशीम सुटं मिळतं का तिकडे?

गाठमारे:
आधी भरतकामाचा सहापदरी कॉटनच घ्या, रेशीम नवख्याच्या बोटांना खरखरीत जागी अडकतं आणि पदर उसवतात. साटिनची जाड दोरी घेऊ नका, ती घसरते. हिशोब: तयार गोफाच्या तिप्पट धागा कापायचा. ठुशीला मागे दोन दोऱ्या लागतील सरकत्या गोंड्यातून जाणाऱ्या, प्रत्येकी 25 सेंमी धरली तर धागा 75 सेंमीचा, एका दोरीला 8 म्हणजे 6 मीटर, दोघींना 12. लडी 8 मीटरची येते, दोन रंगांची एकेक घेतली की झालं, वर थोडा उरेल. आणि कापायच्या आधी टोकाला शिवणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून घ्या, नुसतं कात्रीने कापलंत तर सगळा गोफ क्षणात मोकळा होतो. ठुशीच्या कडीचं भोक मोजून टाका इथे, फार लहान असेल तर धाग्याच्या सहा पदरांऐवजी चार-तीनच पदर घेऊन विणावं लागेल.