मदत हवी आहे: सोनं दुबई एअरपोर्टवर घ्यावं का?

नमस्कार मंडळी, पुढच्या शुक्रवारी रात्री दुबईहून मुंबईला निघतेय. भाच्याचं बारसं आहे. कामाच्या धबडग्यात देराच्या गोल्ड सूकला (तिथल्या सोन्याच्या बाजाराला) जाणं होईलसं दिसत नाही, म्हणजे उरलं टर्मिनल ३ चं ड्युटी फ्री. तिथे ५ टक्के व्हॅट वाचतो हे खरं, पण घडणावळीचं काय? सूकमध्ये घासाघीस करता येते, दोन दुकानं फिरलं की दुकानदार आपणच खाली येतो. एअरपोर्टवर कुणी ऐकून घेतं का?

वहिनीला २२ कॅरेटचे छोटे झुमके आणि बाळाला नाजूक साखळी घ्यायची आहे. आईला ठुशीच हवी, ती काही इथे मिळायची नाही. लक्ष्मी रोडवर बघेन. नाणं घ्या असं सुचवू नका, कस्टमची सवलत दागिन्यांनाच आहे.

वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅमपर्यंत ड्युटी नाही, एवढं माहीत आहे. पण माझ्या हातातल्या जुन्या पाटल्या त्यात धरतात का? त्यांची पावती कधीच हरवलीय. अलीकडे कुणी असं सोनं घेऊन मुंबईला उतरलं असेल तर प्लीज सांगा.