मदत हवी आहे: क्वालिटी की डिझाइन? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

प्रश्नांकित:
वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रातल्या दोन ऑफर हातात आहेत. एक मोठ्या कंपनीत, क्वालिटीत: कम्प्लेंट हँडलिंग (तक्रारींचा तपास) आणि कापा (CAPA, म्हणजे दोष दुरुस्त करणं आणि पुन्हा होऊ न देणं). दुसरी नव्या कंपनीत, डिझाइन व्हेरिफिकेशन, म्हणजे डिझाइन ठरवल्याप्रमाणे उतरलंय का ते चाचण्यांनी तपासणं. पगारात फारसा फरक नाही. क्वालिटीत गेलं की माणूस कायमचा कागदांत अडकतो, असं सगळे म्हणतात. खरंय का? कृपया नुसतं 'आवडेल ते निवडा' सांगू नका, वेळ नाहीये.

कॅलिपर:
उपकरण कोणतं? शिक्षण काय? अनुभव? बँडेजही याच क्षेत्रात येतं आणि पेसमेकरही.

प्रश्नांकित:
बायोमेडिकल इंजिनिअर. तीन वर्षं हॉस्पिटलात व्हेंटिलेटर, मॉनिटर, औषध देणाऱ्या पंपांची देखभाल केली.

मंदगती:
मग डोळे झाकून कम्प्लेंट घ्या. मी तिथूनच सुरुवात केली. पंपाचा अलार्म का वाजला नाही हे शोधताना लॉग, बॅटरी, नळीतली हवा, नर्सने कोणतं बटण कधी दाबलं, सगळं खणून काढावं लागतं. यंत्र बिघडतं कसं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. डिझाइनमधल्या कितीतरी जणांनी ते पाहिलेलं नसतं.

कॅलिपर:
अजिबात पटलं नाही. आमच्याकडे दिवसाला ठरावीक फायली बंद करायच्या, मूळ कारणाच्या रकान्यात 'वापरकर्त्याची चूक' लिहायचं. दोन वर्षं तेच केलं. बाहेर पडायला आणखी दोन गेली.

मंदगती:
तो दोष तुमच्या कंपनीचा, कामाचा नव्हे.

नियमावली:
दोन्ही सोडा, रेग्युलेटरीत या, म्हणजे उपकरणांच्या सरकारी नियम-मंजुरीच्या कामात. युरोपचा वैद्यकीय उपकरणांचा कायदा, एमडीआर, २६ मे २०२१ पासून लागू झाला. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेनेही २ फेब्रुवारी २०२६ पासून आपल्या नियमांत आयएसओ १३४८५:२०१६ हे उपकरणांच्या क्वालिटी व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक सामावून घेतलं. दोन्हीकडचं जाणणाऱ्याला काम कमी पडत नाही.

प्रश्नांकित:
रेग्युलेटरीची ऑफरच नाहीये हो!

सोल्डर:
नवी कंपनी बनवते काय? सॉफ्टवेअर आहे का त्यात?

प्रश्नांकित:
इन्फ्युजन पंप, शिरेतून ठरावीक वेगाने औषध देणारे. सॉफ्टवेअर अर्थातच आहे.

सोल्डर:
हे आधी सांगायचं ना! सॉफ्टवेअर चुकल्याने मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकत असेल, तर आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या मानकानुसार ते वर्ग सी, म्हणजे सगळ्यात कडक. आयएसओ १४९७१ या मानकाची रिस्क फाइल, म्हणजे संभाव्य धोके आणि त्यांवरच्या उपायांची नोंद, तयार आहे का, विचारा. काय तपासायचं ते बरंचसं त्यातूनच ठरतं. थेरॅक-२५ हे कॅन्सरवरचं किरणोपचार यंत्र आठवा. १९८५ ते १९८७ मध्ये किमान सहा रुग्णांना किरणांचा भयंकर अतिडोस मिळाला. आधीच्या यंत्रांतले हार्डवेअर इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र अडवणारी प्रत्यक्ष सुरक्षा यंत्रणा) काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती.

नियमावली:
पण तेव्हा ६२३०४ हे मानक नव्हतंच, ते २००६ चं.

कॅलिपर:
अहो, त्यांना शुक्रवारी उत्तर द्यायचंय.

प्रश्नांकित:
आत्ताच फोन केला. नव्या कंपनीवाले म्हणाले, रिस्क फाइल सबमिशनच्या (मंजुरीच्या अर्जाच्या) आधी करून टाकू.

सोल्डर:
आणि चाचण्या?

प्रश्नांकित:
गेल्या महिन्यापासून चालू आहेत.

कॅलिपर:
म्हणजे काय तपासायचं ते ठरण्याआधीच चाचण्या! मग कम्प्लेंटबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. नव्या कंपनीत जाऊ नका. कम्प्लेंटवाल्यांना मात्र एक विचारा: तक्रारींमुळे तुमच्या डिझाइनमध्ये शेवटचा बदल कोणता झाला? चटकन सांगता आलं, तर हो म्हणा.

प्रश्नांकित:
उद्या सकाळी विचारतो आणि इथेच लिहितो.