परदेशात अभ्यासात मागे पडलेले चिनी विद्यार्थी : तुम्ही कसा हात दिलात?

नमस्कार. परदेशी विद्यापीठांत शिकवणारे, टीए (प्राध्यापकांचे शिकवण्यातले मदतनीस) म्हणून राबणारे, पीएचडी करता करता ज्युनियर पोरांना सांभाळणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आपल्या वर्गांत चिनी मुलं असतातच. 'ती हुशारच असतात, गणितात तर विचारू नका' असं त्यांच्याबद्दल सरसकट बोललं जातं. त्यामुळे त्यांतलं एखादं बुडायला लागलं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. अशा कुणाला तुम्ही आधार दिला असेल तर इथे सविस्तर लिहा. नावं आणि ओळख पटेल असे तपशील नकोत. यश आलं नसेल तरीही लिहा. सुरुवात मी करते.

धागाकर्ती, अमेरिका

मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवते. हुनान प्रांतातून आलेला एक मुलगा पहिल्या चाचणीत वर्गात वरच्या नंबरात होता. मग त्याचे गृहपाठ यायचे थांबले, नंतर तोही यायचा थांबला. ऑफिस अवर्सना, म्हणजे शिक्षकाला भेटायच्या ठरलेल्या वेळेत, येण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण शिक्षकाकडे जाणं म्हणजे आपण कमी पडलो हे कबूल करणं, असं तो धरून चालला होता.

भेटल्यावर उलगडा झाला. तो ज्या व्यवस्थेतून आला तिथे गाओकाओ ही प्रवेशपरीक्षा सगळं ठरवते. दरवर्षी ७ जूनला ती सुरू होते आणि त्याआधीची तीन वर्षं शिक्षक पहाटेपासून रात्रीपर्यंत मुलांच्या मागे उभे असतात. इथे दर आठवड्याला क्विझ, रिपोर्ट, वर्गात बोलण्याचेसुद्धा गुण, आणि मागे मात्र कुणीच नाही. शेवटच्या परीक्षेत सगळं भरून काढू, असा त्याचा हिशोब होता. कॅल्क्युलस त्याला येत होतं. त्याला गाडलं होतं इंग्रजी निबंधलेखनाने आणि रसायनशास्त्राच्या रिपोर्टांनी.

त्याने दोन विषय ऑनलाइन सोडून द्यायचं ठरवलं होतं. तिथे मी त्याला अडवलं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं माप) लागतात. न विचारता त्याखाली गेलं तर व्हिसाचा दर्जाच जातो. पण एक वाट असते. सुरुवातीला इंग्रजीची किंवा इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची अडचण असेल, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातले अधिकारी कमी क्रेडिटांची परवानगी देऊ शकतात. त्या पदवीपुरती ती एकदाच मिळते, निम्मे क्रेडिट तरी ठेवावे लागतात आणि पुढच्या सत्रात पुन्हा पूर्ण भार घ्यावा लागतो. महत्त्वाचं म्हणजे परवानगी आधी, विषय सोडणं नंतर. मी त्याच्यासोबत त्या कार्यालयात गेले. नुसता पत्ता दिला असता तर तो गेला नसता, याची मला खात्री आहे.

आईवडिलांना कळवा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. १९७४ च्या फेर्पा कायद्यामुळे कॉलेजातल्या मुलाचे गुण त्याच्या संमतीशिवाय सहसा घरी सांगता येत नाहीत. कायदा नसता तरी मी फोन केला नसता. एकुलता एक मुलगा, दोन्हीकडचे आजीआजोबा त्याच्याकडे डोळे लावून बसलेले. घरी काय आणि कधी सांगायचं हे त्यानेच ठरवायला हवं होतं. मोकळं झालेलं वेळापत्रक हातात आल्यावर त्याने वडिलांना सगळं सांगितलं. वडील रागावले नाहीत, पैसे पुरतात का एवढंच त्यांनी विचारलं. पुढचं सत्र त्याने पूर्ण क्रेडिट घेऊन पार केलं. निबंधाला सी मिळाला आणि तो मला दाखवायला आला, तेव्हा मला त्याच्या कॅल्क्युलसच्या ए पेक्षा जास्त आनंद झाला.

सांगलीकर, जर्मनी

मेकॅनिकलमध्ये पीएचडी करतो आणि ट्यूटोरियल घेतो. इथे बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालात की नाव कमी होतं आणि तीच शाखा जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. माझ्याकडे आलेल्या मुलाची मेकॅनिक्सची तिसरी संधी उरली होती. रात्रंदिवस घोकत होता बिचारा.

मी त्याला पहिलं विचारलं, की मागच्या दोन्ही उत्तरपत्रिका पाहिल्यास का? निकालानंतर पेपर बघायची ठरलेली वेळ असते, पण तो गेलाच नव्हता. गेलो तर प्राध्यापकांवर संशय घेतल्यासारखं होईल, असं त्याला वाटायचं. सुदैवाने दुसऱ्या पेपरची तारीख अजून जायची होती. मी बजावलं, जा आणि प्रत्येक पानावर गुण कुठे कापलेत ते टिपून आण. आला तेव्हा चित्र स्वच्छ होतं. उत्तरं बरीच बरोबर, पण बलांची आकृतीच काढलेली नाही, पायऱ्या मनातल्या मनात. इथे गुण पायऱ्यांना असतात.

मग आम्ही नवीन काही शिकलोच नाही. विद्यार्थी संघटनेकडून जुने पेपर घेतले (ते मिळतात हेही त्याला माहीत नव्हतं) आणि प्रत्येक गणितात आधी आकृती, मग समीकरण, मग आकडे, एवढंच घोटलं. ३.७ ने पास झाला. इथे आकडा जितका लहान तितका चांगला आणि ४.० पर्यंत पास असतं, म्हणजे काठावरच. पण शाखा वाचली.

वाचक, इंग्लंड

माझं छोटंसं. एक चिनी मुलगी, एका वर्षाचं मास्टर्स, पहिला निबंध नापास, दुसरा तोंडावर. वुईचॅट या चिनी मेसेजिंग अॅपवर कुणीतरी तिला 'आम्ही लिहून देतो' म्हणून दर पाठवले होते. तिने ते मला दाखवले, याचाच अर्थ तिला ते करायचं नव्हतं. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने असा धंदा गुन्हा ठरला आहे, हे मी सांगितलं, पण त्यावर थांबले नाही. सापडलीस तर काय होईल हे ऐकून भीती वाढते, निबंध लिहिला जात नाही. आम्ही लायब्ररीत बसलो. तिला म्हटलं, हा लेख मिटव आणि मला तोंडी सांग. ती बोलली तेच तिने लिहून काढलं, मग संदर्भ जोडले. चीनमध्ये ती थोरांची मतं नीट मांडायला शिकली होती. इथे त्यांच्याशी वाद घाल म्हणतात. ते धाडस यायला वेळ लागतो हो.

सोलापूरची, सिडनी

आमच्याकडे खोली भाड्याने घेऊन राहणारी मुलगी लागोपाठ विषय नापास झाली आणि विद्यापीठाची नोटीस आली की तुला काढून का टाकू नये, याचं कारण दे. दार लावून बसली होती. मी प्राध्यापक नाही, बँकेत आहे. मी वरणभात घेऊन दार वाजवलं.

गप्पांत मी सोलापूरची म्हटल्यावर डॉ. कोटणीसांचा विषय निघाला. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेले. तिच्या आजोबांना ते 'के दिहुआ' या चिनी नावाने ठाऊक होते. व्हिडिओ कॉलवर आजोबांनी मला हात जोडले, मला गलबलून आलं. त्यानंतर ती बोलू लागली. झोप येत नाही, वर्षभर येत नाही. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे गेली, डॉक्टरांचं पत्र मिळालं, ते नोटिशीच्या उत्तराला जोडलं. मुदतीच्या आत दिलं म्हणून विचार झाला. एक सत्र कमी विषयांवर राहायला मिळालं.

अनामिक, कॅनडा

आमचा विद्यार्थी परत गेला. आम्ही त्याच्यापर्यंत पोचलो तोवर विषय सोडण्याची तारीख, फी परतीची तारीख, सगळं उलटून गेलं होतं. आता तो चंग्तूला मेहुण्याच्या दुकानात आहे आणि बरा आहे, असं नववर्षाच्या शुभेच्छांबरोबर कळवतो. मी आता दर सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात हजेरी आणि गृहपाठाची यादी काढून बसतो. सगळ्यांना प्रश्न: गप्प झालेल्या मुलाला पहिला ईमेल काय लिहिता?

धागाकर्ती

@अनामिक, 'तू वर्गात दिसला नाहीस' असं मी लिहीत नाही. 'काही अडचण असेल तर सांग' हेही नाही, त्याला उत्तर येत नाही. मी लिहिते: मंगळवारी चार वाजता माझ्या खोलीत ये, गृहपाठ ३ मधला पहिला प्रश्न आपण मिळून सोडवू. बाकी काही झालं नसलं तरी चालेल. मंगळवार जमत नसेल तर बुधवारी याच वेळी. उत्तर नाही आलं तर तोच मजकूर पुन्हा पाठवते, आणि तरीही नाही आलं तर वसतिगृहाच्या रेक्टरांना कळवून त्यांच्यासोबत भेटायला जाते.