मैत्रिणींना जमवून मेंदी काढलीये का कधी? किस्से येऊ द्या

ओला कोन
कपाट आवरताना मेंदीच्या नक्षीचे जुने कागद हाती लागले. आमचा मेंदीचा अड्डा जमायचा तेव्हाचे. मोर आणि कोयऱ्या काढायच्या नाहीत, एवढा एकच नियम होता. बाकी जिची तिची नक्षी. बुद्धिबळवालीच्या तळहातावर पट आणि घोड्याची अडीच घरं ठिपक्या-ठिपक्यांनी. शिवणकामवालीच्या मनगटाभोवती टेप, आकड्यांसकट. एकजण म्हणाली, "मला विशेष काही आवडत नाही गं, काढ काहीही." कोन हातात धरून नुसत्या गप्पा मारत बसले, तर कळलं की बाई दिवसभर किल्ल्या शोधत असतात. मग प्रत्येक बोटावर एकेक किल्ली, प्रत्येकीचे दाते वेगळे. सगळ्यांत जास्त भाव त्याच हाताने खाल्ला. रेघ थोडी थरथरली तरी चालते, पण बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हा हात हिचाच.
तुम्ही असा घाट घातला असेल तर लिहा.

रिकामटेकडी
मशीन लावून आलेय, पटकन लिहिते. खरा प्रश्न नाकाचा आहे. दोन्ही हात भरले रे भरले की नाक खाजलंच! मग "इथे नाही गं, जरा डावीकडे". आता आमच्यात एका वेळी एकच हात, आणि तोही डावा. फोन उचलता येतो, दार उघडता येतं, बटा मागे सारता येतात.

डावरी
डावऱ्यांचा उजवा. कायम विसरता तुम्ही लोक.

रिकामटेकडी
हाहाहा, चुकलं बाई.

अर्धी रेघ
मी काढत नाही, काढून घेते फक्त. पण प्रश्न आहे. सकाळी खपली काढली तर हात नुसता नारिंगी. मेंदी वाया गेली का?

वस्त्रगाळ
थांब की जरा! पहिल्या दिवशी नारिंगीच असते. मेंदीतलं रंगद्रव्य, लॉसोन, कातडीतल्या केराटिनला धरून बसतं आणि मग हवेने गडद होत जातं. खरा रंग दोन दिवसांनी बघायचा. तोवर पाणी जमेल तेवढं टाळ, आणि पुढच्या वेळी खपली धुऊ नकोस, खरवडून काढ. तळहात आणि तळपाय सगळ्यांत छान रंगतात कारण तिथली कातडी जाड. दंडावर, पोटरीवर फिकीच राहणार. म्हणून बारीक कलाकुसर तळहातावर करा. दंडावर ठसठशीत, भरीव काहीतरी.

आता विषय निघालाच आहे तर. पूड मलमलच्या फडक्यातून गाळा म्हणजे गाळा. एक काडी राहिली तरी ऐन नाजूक रेघेवर कोनाचं टोक तुंबतं, आपण दाबतो आणि भसकन गोळा पडतो. लिंबाच्या रसात आदल्या रात्री भिजवायची, उबेला झाकून ठेवायची. वरचा थर तपकिरी आणि आत हिरवी दिसली की रंग सुटला. खात्री नसेल तर तळहातावर थेंबभर ठेवून पाचेक मिनिटांनी पुसा, केशरी डाग दिसला पाहिजे. साखर घातली की रेघ लवचिक होते, सुकून टवके उडत नाहीत. उरलेले कोन फ्रीजरमध्ये, बाहेर राहिले तर दोन-चार दिवसांत रंग मरतो.

नुसतीच वाचक
निलगिरीचं तेल राहिलं. त्या वासाशिवाय मला मेंदी लावल्यासारखी वाटतच नाही.

वस्त्रगाळ
हो, थोडंसं. लहान मुलं असतील तर मात्र नको.

घरकोंबडी
लिहू की नको असं झालंय, पण लिहितेच. आमच्या एका घरगुती बैठकीला कुणीतरी तयार काळे कोन आणले होते. तासाभरात कुळकुळीत रंग, सगळ्या खूश. नंतर मैत्रिणीच्या हातावर फोड आले, तेही बरोब्बर नक्षीवरून! पाकळी न् पाकळी उठलेली. डॉक्टर म्हणाल्या, केसांच्या काळ्या रंगात असतं ते पीपीडी नावाचं रसायन. एकदा ही अॅलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. आता तिला केसांनाही तो रंग चालत नाही. खरी मेंदी कधीच काळी नसते आणि तासाभरात गडदही होत नाही. पाहुण्यांनी कोन आणले तर खुशाल नाही म्हणा. वाईटपणा आला तरी चालेल.

पाचवं बोट
+१. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, माझ्या भाच्याला जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे. त्याला खरी मेंदीसुद्धा लावायची नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तो हट्ट करतो तेव्हा स्केचपेनने हातावर डायनोसोर काढून देते. त्याच्या मते तोच सगळ्यांत भारी असतो, आणि खरं सांगू, असतोच.

ओला कोन
डायनोसोर! हे मला का नाही सुचलं.

संथ वाहते
मी हातावर नाही, डोक्यावर काढली आहे. केमोत मैत्रिणीचे केस गेले होते. तिने आधी डॉक्टरांना विचारून घेतलं, मग टोपी काढून माझ्यापुढे बसली. मी वेली-फुलांचे कागद घेऊन गेले होते. ती म्हणाली, "फुलं आजाऱ्यांना देतात. मला ऑक्टोपस काढ." टाळूवर त्याचं डोकं, पाय दोन्ही कानांमागून मानेपर्यंत. हसली की कपाळाची कातडी वर जायची आणि त्याच्याबरोबर माझी रेघ. शेवटी एका पायाला चक्क गाठ पडली, ती तिला सगळ्यांत आवडली. रंग काही फार चढला नाही. तरी पुढच्या तपासणीला ती मुद्दाम टोपी न घालता गेली.

नुसतीच वाचक
संथ, आता कशी आहे ती?

संथ वाहते
बरी आहे. केस आलेत, कुरळे. ऑक्टोपस झाकला गेला म्हणून कुरकुरते.

डावरी
आमच्या अड्ड्यावर मांजर ओल्या मेंदीवरून शेपूट फिरवून गेलं. पांढरं शुभ्र मांजर. केवढे दिवस शेंडी नारिंगी!

वस्त्रगाळ
हसू आलं, पण मांजर असेल तर तेल घातलेले कोन लांब ठेव. अंग चाटून ते पोटात जातं आणि मांजरांना ही तेलं बाधतात.

डावरी
पुसलं गं लगेच. आता बैठक असली की महाराणी आतल्या खोलीत, दार लावून. तिथून शिव्या देते.

रिकामटेकडी
शेपटीचा फोटो टाक ना!

अर्धी रेघ
सगळ्या इथे आहात तोवर विचारते, चादरीवरचा मेंदीचा डाग कशाने जातो?

वस्त्रगाळ
ओला असेल तर लगेच गार पाणी आणि साबण. सुकला असेल तर चादर बदल.

ओला कोन
किंवा उरलेली चादर पण रंगव.