प्रति: ६००० कोटी संगणकावर उधळले?
'चालेल की नाही ठाऊक नसलेल्या संगणकावर ६००० कोटी' हा वरचा आक्षेप मला अर्धाच पटतो. क्वांटम संगणकाला (अणूच्या पातळीवरचे नियम वापरून गणित करणाऱ्या यंत्राला) वेळ लागेल, मान्य. पण एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय क्वांटम मिशन (६००३.६५ कोटी, मुदत २०३०-३१ पर्यंत) एकट्या संगणकासाठी नाही. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचं (म्हणजे अतिसूक्ष्म बदल टिपणाऱ्या यंत्रांचं) केंद्र पवईला, आयआयटी मुंबईत आहे. त्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

तिथे हिऱ्यावर काम चालतं. हिऱ्याच्या जाळीत कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन आणि त्याला लागून एक जागा रिकामी, असा दोष मुद्दाम तयार करतात. त्यावर हिरवा लेझर टाकला की तो लाल चमकतो. सोबत मायक्रोवेव्ह दिल्या की आसपासच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे ती चमक कमीजास्त होते. यातून चिपमध्ये वाहणाऱ्या विजेचं चित्र चिप न फोडता मिळवता येतं, तेही खोलीच्या तापमानाला! मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने २०२४ मध्ये तपासलेल्या ६ क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक) सुपरकंडक्टिंग, म्हणजे विजेला विरोध न करणाऱ्या पदार्थाच्या, प्रोसेसरसारख्या यंत्राला मात्र उणे २७३ अंशांच्या जवळची थंडी लागते. त्यामुळे या पैशाचं पहिलं फळ मापनयंत्रांतच दिसेल असं मला मनापासून वाटतं. निधी थांबवा म्हणण्यापेक्षा पवईच्या केंद्राला त्यातला किती वाटा वेळेवर पोचतो, हे आपण विचारायला हवं.