आईचं मशीन, लोकर, चिंध्या... तुम्ही कुणाला दिलंत? (अनुभव धागा)

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, दिवाळीच्या आत घर रिकामं करून द्यायचंय. बाकी सगळं आवरलं, आईची शिवणाची खोली (खोली कसली, बंद केलेली बाल्कनी) तशीच आहे. आई घरी ब्लाउज शिवायची, तीसेक वर्षं तरी. पायडलचं उषा, दोन ट्रंका कापड, अस्तरांचे तुकडे रंगवार लावलेले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत हूक, प्रेसबटणं, टिकल्या, अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या, आणि लोकर किती ते विचारूच नका. मला सुईत दोरा ओवता येतो, तेवढंच. विकायचं नाहीये, पण कुणाच्या माळ्यावर जाऊन पडावं असंही वाटत नाही. ज्यांनी असं सामान दिलंय त्यांनी लिहा ना, कुणी घेतलं, काय परत आलं. फसलेले किस्से आधी.

कोपरखैरणे

फसलेलाच सांगते. सासूबाईंचं मशीन मी एका संस्थेला दिलं, ते म्हणाले आणून द्या, दिलं. तीन महिन्यांनी सहज गेले तर मशीन जिन्याखाली, त्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचलेल्या आणि वर गणपतीतल्या माळा. चूक तरी कुणाची म्हणू, शिकवणारी बाईच सोडून गेली होती त्यांची. मी तोंड वेंगाडून परत मागितलं, टेम्पोचे ८०० रुपये दुसऱ्यांदा गेले, नवरा अजून ऐकवतो. मग आमच्या सेक्टरमध्ये फॉल-पिको करणाऱ्या ताईंना विचारलं, त्यांचं मशीन भाड्याचं निघालं! दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा बदलला, शटल काढून साफ केलं, तेल घातलं, आठवड्यात काम सुरू. तेव्हापासून कुणी संस्थेचं नाव सुचवलं की मी एवढंच विचारते, शिकवायला कोण येतं आणि कोणत्या वारी येतं. वार सांगता आला नाही की मशीन देऊ नका.

कळवा

आमच्या आज्जीचं सिंगर होतं, काळंभोर, सोनेरी नक्षीचं. बाबांनी भंगारवाल्याला किलोवर दिलं. परवा घोडबंदरच्या एका कॅफेत तसंच स्टँड टेबलाखाली बघितलं, वर काच, काचेवर कॉफी आणि लोक गप्पा मारताना पाय पायडलवर हलवतायत. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

लोकमान्य नगर

मी टेलर आहे, वडिलांचंच दुकान चालवतो, तर आमची बाजू पण ऐका. लोक पिशवीभर कातरण आणून देतात आणि तोंड असं करतात की सोनंच आणलंय. अहो, कातरण आमच्याकडे रोज पोतंभर निघतं! आम्हाला काय लागतं तर चेन, हूक, कॅनव्हास, अस्तराचा मीटरभर तरी सलग तुकडा, धार लावता येईल अशी कात्री. रिळं देताना आधी वीतभर दोरा ओढून बघा, जुना दोरा तट्कन तुटतो आणि मशीनवर तर दर चार टाक्यांना तुटतो, शिवणाऱ्याचा दिवस जातो. इलॅस्टिक ताणलं आणि परत आलं नाही तर सरळ कचऱ्यात. सुया बघून द्या, घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्यातल्या जुकी मशीनच्या सुईचा पूर्ण गोल, एकीची दुसरीत चालत नाही. आणि आपल्याकडच्या दमट हवेत सुयांना गंज लागतोच, गंजकी सुई कापडाचे दोरे ओढते, ती कुणालाच देऊ नका. नौपाड्यातल्या ताई, तुमच्या आईंनी अस्तरं रंगवार लावलीयेत ना, तशीच कुठल्याही टेलरकडे न्या, हसत घेईल.

वाशी

लोकरीबद्दल. माझ्या मावशीची दोन बॅगा लोकर आली, अर्धी कसर लागून खलास. देण्याआधी धागा जाळून बघा, खरी लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून टोकाला कडक मणी होतो. कसर खऱ्या लोकरीलाच लागते, अ‍ॅक्रिलिक शाबूत असतं. ते मी बागेत संध्याकाळी बसणाऱ्या आज्यांकडे नेलं. वाटलं होतं खूश होतील, तर त्यांनी भाजी निवडावी तसं निवडलं! "हा बदामी ठेव, हा मरून कोण घालणार ग, घेऊन जा परत." मरून अजून माझ्याकडेच आहे, कुणाला हवाय का?

आणि कॉटनचं मऊ सूत असेल तर वेगळं काढा. नीटेड नॉकर्स इंडिया म्हणून स्वयंसेवी बायकांचा ग्रुप आहे, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी ब्रामध्ये घालायचे हलके विणलेले पॅड करतात, फुकट देतात. त्यांना कॉटनचंच लागतं कारण कातडीला टोचून चालत नाही. आधी विचारून मगच पाठवा.

ऐरोली

चिंध्यांना जात असते हो. सुती मऊ झालेल्या असतील तर गोधडीवाल्या मावशीला द्या, आमच्याकडे येतात त्या जुन्या साड्या दिल्या की मजुरी घेऊन हाताने धावदोरा घालून देतात. सुती कपडे गूंज नावाची संस्था पण घेते, १९९९ पासून हे काम करतायत, जुन्या सुती कापडाचे धुवून पाळीसाठी पॅड करतात. नायलॉन, जॉर्जेट, नेट कुणी घेत नाही. मी शहापूरकडच्या एका शाळेत दिलं, कार्यानुभवाच्या बाई म्हणाल्या लेस, बटणं, टिकल्या चालतील, पण वाळलेला फेव्हिकॉल आणि अर्धी चमकीची बाटली नको. लाज वाटली, तेच जास्त होतं पिशवीत.

बेलापूर

मी थोडं वेगळं म्हणतो. फुकट देऊ नका, शंभर रुपये तरी घ्या. आमच्या हिने क्राफ्टचं सामान सोसायटीत फुकट म्हणून ठेवलं, तासाभरात सगळं गायब आणि दोन दिवसांनी त्यातलंच अर्धं कचऱ्याच्या डब्यात. पैसे मोजलेला माणूस वापरतो.

कोपरखैरणे

दादा, फॉल-पिकोवाल्या ताईंनी एक पैसा नाही दिला आणि रोज वापरतायत. सोसायटीतल्यांना गरज नव्हती, एवढंच झालं.

बेलापूर

बरं ताई, हरलो.

नौपाडा

सगळ्यांचे आभार, काल रविवार पूर्ण यातच गेला. प्रत्येक रिळाचा दोरा ओढून बघितला, निम्म्याहून जास्त तुटले, पांढरे सगळ्यात आधी. अस्तरं आणि हूक गल्लीतल्या टेलरना दिले, ते आईला ओळखत होते, म्हणाले काकूंचा गळा कधी चुकला नाही. मशीन एका मुलीला चाललंय, आयटीआयला शिवणाचा कोर्स करतेय, क्लासमध्ये मशीन मिळतं पण घरी सराव करायला काही नाही. तिने आल्या आल्या झाकण उघडून बॉबिन काढून बघितली, मला तेवढं पुरलं. पण घरी जागा नाही म्हणून डोकं तेवढं नेतेय, मोटर लावून टेबलावर बसवणार आहे.

एक वही पण सापडली, मापांची. अख्ख्या गल्लीच्या बायका आहेत त्यात, नावापुढे छाती, कंबर, बाही, आणि मधेच "उजवा खांदा उतरता, कुणाला सांगू नये". ती देत नाहीये.

लोखंडी स्टँड मात्र उरलंय. कॅफेवाल्यांना नाही, शिवणाऱ्या कुणाला हवं असेल तर सांगा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन माणसं घेऊन या.