मदत हवी आहे – वारली चित्र मुलांना अंगाने कसं कळेल?

माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे, ३४ पोरं. मागच्या आठवड्यात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या शैलीतलं तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नृत्याचं चित्र दाखवलं आणि म्हटलं बोलू नका, चित्र करून दाखवा. बाकं भिंतीला लावली, एक पोरगा तारपावाला म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावून मधे उभा, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल गोल आत शिरत गेले. मग मी स्टॅच्यू म्हणाले तर एक मुलगी थांबून म्हणते, बाई आपली कंबर चित्रात एवढीशीच का आहे, दोन त्रिकोणांचं टोक! तासभर शिकवून हे आलं नसतं.

पण आता अडलंय लग्नाच्या चौकापाशी, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकोनी वारली चित्रापाशी. त्यात मधे पालघाट देवी असते, लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो काढतात, म्हणजे ती पूजा आहे हो, नुसतं चित्र नाही. देवी कोणाला बनवायची, की बनवूच नये? मला वाटतं फक्त चौकाच्या बाजूची माणसं, झाडं, प्राणी करावेत. डहाणू-तलासरीकडचे कोणी शिक्षक असाल तर प्लीज सांगा. आणि शेजारच्या वर्गाला त्रास न होता हे कसं करता तेही, कारण आमची भिंत पत्र्याची आहे 😅